रुख्मिणीनं गाठ दाखवली होती

रुख्मिणी आमच्या राजापेठेतल्या घरी पहिल्यांदा आली ती १९३६ सालच्या पोळ्यानंतर. आल्या आल्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली. वडील म्हणाले, आत बैठकीत या. तर म्हणाली, अठीच बरी हाय, उठाचा कंटाळा आला. पस्तिशीची बाई, दिसत होती पन्नाशीची. डावा हात अंगाशी धरलेला, पदराखाली, आणि वास लपवायला म्हणून कापूर बांधलेला. वास लपत नव्हता. मी हे मुद्दाम लिहिते, कारण त्या रोगाबद्दल लिहिताना लोक वासाबद्दल लिहीत नाहीत, आणि त्या घरात राहणाऱ्यांना तर दुसरं काही सुचत नसतं.

तिला घेऊन आला होता तिचा भाऊ नत्थुजी. तो आमच्याकडे पूजेची फुलं टाकायचा, म्हणून ओळख. बहीण अकोल्याची. मोर्णेच्या काठी नवऱ्याचा, पुंजारामचा, भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत ती गाडीनं आली होती, ती हवापालटासाठी नव्हे. अकोल्यात तिला एकही वकील मिळेना. ज्यांच्याविरुद्ध तिला बोलायचं होतं ते केशवराव डॉक्टर अकोल्यातल्या अर्ध्या वकिलांच्या घरी नाडी बघायचे. उरलेल्या अर्ध्यांच्या बायकांची बाळंतपणं त्यांच्याच हातची.

माझे वडील वामनराव वकील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि मी नुकतीच बी. ए. होऊन घरी बसले होते. तेव्हा कागद मी वाचायचे, मसुदे मी लिहायचे, आणि म्हणून मला हे सगळं माहीत आहे.

हकीकत थोडक्यात अशी. १९३४ च्या दिवाळीत रुख्मिणीला डाव्या छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. घरी ती कोणाला बोलली नाही. दर मंगळवारी ती डॉक्टरांच्या घरी भाजी द्यायला जायची, मागच्या दारानं. तिथंच पडवीत तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर चहा पीत होते. कप खाली ठेवून, पदरावरूनच बोटानं चाचपून म्हणाले, दूध साचलंय, शेक दे, पोटीस बांध. रुख्मिणी त्यांना म्हणाली, "डॉक्टरसायेब, माया धाकट्याचे दुधाचे दात पडून राहिले. दूध कुठून येईन?" डॉक्टर हसले. म्हणाले, राहतं कधी कधी. संक्रांतीला तिनं पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांनी लावायला लेप दिला. त्याच पस्तीस सालच्या आषाढात, आखाडीच्या पुनवेआधी, तिसऱ्यांदा दाखवली. तेव्हा गाठ सुपारीएवढी होती आणि कातडी आत ओढली गेली होती. डॉक्टर म्हणाले, तोच लेप चालू ठेव.

पुढं वर्षभरानं जखम फुटली, तेव्हा नत्थुजीनं तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई डॉक्टरनं तपासलं आणि रोगाचं नाव सांगितलं. काखेत पसरलाय, आता कापून उपयोग नाही, सुपारीएवढी असताना आणली असतीस तर मी हात लावला असता, असं म्हणाली आणि तसं लिहूनही दिलं.

आता तिचं मागणं काय होतं, ते ऐका. मी वडिलांच्या शेजारी कागद-दौत घेऊन बसले होते आणि भरपाईचा आकडा लिहायला जागा सोडली होती. वडिलांनी विचारलं, बाई, तुम्हाला काय पाहिजे? तिनं आधी नत्थुजीला फाटकाबाहेर पाठवलं, पान खाऊन ये म्हणून. मग बोलली.

"माही सासू म्हणते मी रोग लपवला. मालकही तसंच म्हणते. थ्याईचं जाऊ द्या. पण माही जमुना बारा वर्साची हाय. थेही आता म्हणते, माय, तू सांगतलं असतं तं वाचली असती. जवळ बसत नाई. मले असं लिवून पायजे कोर्टाचं, का मी दाखवली व्हती."

वडिलांना सवय होती जमिनीच्या वाटणीची, दत्तकाची, फार तर मारामारीची. मग त्यांनी तिला समोरचे रस्ते एकेक करून सांगितले. मी ते इथं सांगते, कारण मी तेव्हाही चिडले होते आणि आजही माझं समाधान झालेलं नाही.

नागपूरला डॉक्टरांची कौन्सिल आहे, तिच्याकडे तक्रार करता येते. कौन्सिलला वाटलं तर ती डॉक्टरचं नाव पटावरून काढील. पण रोग्याला ती काही देत नाही, उत्तरही लवकर देत नाही. दुसरा रस्ता फौजदारीचा, हयगयीनं मरण आणल्याबद्दल. पण त्यासाठी आधी माणूस मरावा लागतो. हे वडिलांनी शक्य तितक्या हळुवार शब्दांत सांगितलं. रुख्मिणी म्हणाली, ते तर चालूच हाय, पण मंग मले कोण वाचून दाखवीन? तिसरा रस्ता दिवाणी दाव्याचा, देहाला इजा केल्याबद्दल भरपाईचा. त्याची मुदत एक वर्ष. आणि ते वर्ष मोजायचं डॉक्टरांनी शेवटची चूक केली त्या दिवसापासून, तिला कळलं त्या दिवसापासून नव्हे. आखाडीच्या आधी ती शेवटची गेली होती. वर्ष या आषाढात भरलं. ती आमच्याकडे आली भाद्रपदात.

मी मध्येच बोलले, हा काय कायदा झाला? वर्षाच्या आत यायला तिला आधी कळायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी कळू दिलं नाही हीच तर तिची फिर्याद. वडील म्हणाले, कायदा मी केलेला नाही, तू लिही. शिवाय आणखी एक होतं. दावा चालू असताना ती गेली तर देहाच्या इजेचा दावा तिच्याबरोबरच जातो. वारसांनी मग नवा मांडायचा, तोही तिच्या मृत्यूपासून वर्षाच्या आत. पुंजाराम तो मांडणार नव्हता, हे तिनंच सांगितलं.

उरला एक रस्ता. डॉक्टर आणि रोगी यांच्यात करार होता, मोबदला घेऊन नीट तपासायचं डॉक्टरांनी पत्करलं होतं आणि ते त्यांनी केलं नाही, असं म्हणता आलं तर मुदत तीन वर्षांची. वडिलांनी विचारलं, डॉक्टरांना काय द्यायचात? ती म्हणाली, भाजी. वडिलांचा चेहरा उजळला. म्हणाले, बस, हीच फी. साक्षीत एवढंच सांगायचं, मी भाजी देत होते आणि त्याबद्दल डॉक्टर मला तपासत होते. रुख्मिणी काही बोलली नाही. मी तो होकार धरला. कॉलेजात शिकलेल्या माणसाची ही खोड असते, गप्प बसलेला माणूस आपल्या मताचा आहे असं तो धरून चालतो.

आधी नोटीस गेली. डॉक्टरांचं उत्तर आलं, ही बाई माझी रोगी कधीच नव्हती, माझ्या दवाखान्याच्या रजिस्टरात हिचं नाव नाही. ते खरंच नव्हतं. रजिस्टर पुढच्या दारी असायचं आणि ती यायची मागच्या दारानं. त्या उत्तराची एक प्रत पुंजारामनं मळ्याजवळच्या शाळामास्तरकडून वाचून घेतली आणि घरात सांगितलं, पाहा, डॉक्टर काय म्हणतो. सासूनं, तानुबाईनं, ती गोष्ट विहिरीवर नेली. जमुना त्यानंतर आजीजवळ निजायला लागली. हे नत्थुजीकडून आम्हाला कळलं. फुलं देताना तो दारातच उभ्यानं सांगायचा आणि जायचा.

दसरा झाल्यावर दावा दाखल झाला, अकोल्याच्या दिवाणी कोर्टात. वडिलांनी अर्ज करून लवकरच्या तारखा मागितल्या, बाई फार दिवसांची नाही म्हणून. न्यायाधीश भले होते, त्यांनी दिल्या. आणि डिसेंबरात डॉक्टरांचा लेखी जबाब आला, तेव्हा मी तो वडिलांना वाचून दाखवता दाखवता थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

डॉक्टरांनी सगळं कबूल केलं होतं. दिवाळी, संक्रांत, आखाडी, तिन्ही वेळा. शेवटच्या वेळेची इंग्रजी तारीखसुद्धा दिली होती, अकरा जुलै पस्तीस. गाठ सुपारीएवढी होती हेही. आपण प्रामाणिकपणे ती दुधाची समजलो, फी घेतली नाही, आणि दावा एक वर्ष उलटून गेल्यावर आणलेला असल्यानं चालू शकत नाही.

त्यांच्या वकिलाची ही अक्कल होती, आणि अक्कल चांगलीच होती. नाकारलं असतं तर साक्षीपुरावा आला असता, मिशनची डॉक्टरीणबाई पिंजऱ्यात उभी राहिली असती, गावात चर्चा झाली असती. कबूल केलं की मुदतीचा मुद्दा पहिला निघतो आणि दावा पहिल्याच पायरीवर पडतो. नोटिशीच्या उत्तरात जे खोटं म्हटलं होतं ते आता त्यांच्या सोयीसाठी खरं झालं होतं. वडील म्हणाले, आता सगळं भाजीवर आहे.

रुख्मिणीला कोर्टात नेणं शक्य नव्हतं, म्हणून कोर्टानं कमिशन दिलं. म्हणजे कोर्टानं नेमलेला वकील घरी येऊन साक्ष लिहून घेणार. फेब्रुवारीत, एका सकाळी, आम्ही मळ्यात गेलो. कमिशनर म्हणून आलेला तरुण वकील नाकाला रुमाल लावू की नको या विचारात होता. शेवटी नाही लावला, हे मी त्याच्या बाजूनं लिहिते. डॉक्टरांचे वकील बैलगाडीतून उतरले, पायातले जोडे काढले आणि निंबाखाली सतरंजीवर बसले. डॉक्टर आले नव्हते. रुख्मिणी बाजेवर उशाला गोधड्या लावून अर्धी बसलेली. तानुबाई चुलीपाशी पाठ करून. तिनं आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "घ्या. आमच्या घरचा तमाशा पाहाले आले तं कोरडे काहून जाता." पुंजाराम मोटेवर होता, तो आलाच नाही. जमुना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वडिलांनी तिला बाहेर जा म्हटलं. ती गेली नाही, आणि रुख्मिणीही म्हणाली, राहू द्या थिले.

वडिलांनी नाव, वय, गाव विचारलं. तीन वेळा दाखवल्याचं विचारलं. तिनं नीट सांगितलं, थांबत थांबत. मध्ये दोनदा पाणी घेतलं. डॉक्टरांचे वकील काही हरकत घेत नव्हते, कशाला घेतील, त्यांनी ते कबूल करूनच टाकलं होतं. मग वडील मुद्द्यावर आले.

"डॉक्टरांना तपासण्याचा मोबदला म्हणून तुम्ही काय देत होता?"

"काई नाई."

वडिलांनी घसा साफ केला. "दर मंगळवारी भाजी देत होता ना?"

"देत व्हती."

"ती कशाबद्दल?"

"थो वानोळा व्हता, वकीलसायेब."

कमिशनरनं विचारलं, वानोळा म्हणजे काय लिहू? मला वाटतं तो मूळचा आमच्याकडचा नसावा, सागरकडच्या हिंदी मुलखातला असेल. तिनं सांगितलं. मळ्यातलं पहिलं तोडलेलं असतं ते आपल्या माणसाच्या घरी न्यायचं. देवाच्या, सोयऱ्याच्या, ज्यानं कधी आपल्यासाठी काही केलं त्याच्या. डॉक्टरांनी पटकीच्या साथीत तिच्या सासऱ्याला वाचवलं होतं, तेव्हापासून हे घर त्यांना वानोळा देत आलं होतं. त्याची किंमत करत नाहीत. माळ्यानं वानोळ्याची किंमत केली तर पुढच्या वर्षी मळा देत नाही, असं मानतात. कमिशनर लिहीत होता. वडिलांनी आणखी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, पण तुम्ही भाजी दिली नसती तर डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं नसतं, बरोबर? ती म्हणाली, "काहून नाई? थ्यायनं भिकाऱ्यालेही तपासलं असतं. माणूस वाईट नाई थो. चुकला."

डॉक्टरांचे वकील म्हणाले, मला काही विचारायचं नाही. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

परतताना मी वडिलांना सोडून दोन मिनिटं मागं राहिले. मला राग आवरत नव्हता. मरणारी बाई आहे, हेही मी विसरले. मी म्हटलं, रुख्मिणीबाई, एक शब्द बोलायचा होता. फी म्हणायचं होतं. तो डॉक्टर स्वतः नोटिशीला खोटं बोलला आणि तुम्ही त्याला भला म्हणून सर्टिफिकेट दिलं. सगळा दावा गेला.

तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग हळू म्हणाली, "जमुना उभी व्हती ना दारात. थे टोपली थेच नेत व्हती कधी कधी डॉक्टरकडं. थिले माईत हाय का वानोळा हाय. मी फी म्हटली असती तं थिनं म्हटलं असतं, माय एक खोटं बोलली, मंग दुसरं काहून खरं?"

वडिलांना मी स्टेशनवर हे सांगितलं. ते म्हणाले, वकिलाला जे कळत नाही ते पक्षकाराला कळतं, पण त्याचा वकिलाला उपयोग नसतो.

निकाल मार्चमध्ये लागला. न्यायाधीशांनी मुद्दे क्रमानं घेतले होते. वादीनं प्रतिवादीला गाठ दाखवली होती काय? होय, प्रतिवादीस कबूल. हयगय झाली काय? मुदतीच्या मुद्द्यामुळं या प्रश्नात जाण्याचं कारण नाही. करार होता काय? नाही, वादीच्याच साक्षीवरून. दावा मुदतीत आहे काय? नाही. दावा खारीज. खर्च ज्याचा त्यानं सोसावा. हे शेवटचं न्यायाधीशांनी मुद्दाम केलं असावं, एरवी डॉक्टरांचा खर्चही तिच्यावर पडता.

वडील अपील करू म्हणाले, नंतर स्वतःच म्हणाले, कशाला. तिच्याजवळ दिवस उरलेत, अपिलाला महिने लागतील. मी निकालाची नक्कल काढली. निकाल इंग्रजीत होता, त्याचं मी मराठी केलं, ओळीला ओळ, काही न वाढवता, काही न गाळता. खारीजसुद्धा. आणि नत्थुजीबरोबर अकोल्याला गेले.

रुख्मिणी आता बसत नव्हती. चेहरा लहान झाला होता, डोळे तेवढे मोठे. पुंजाराम या वेळी घरात होता, कोनाड्याखाली गुडघे धरून बसला होता. तानुबाई म्हणाली, हरले ना? मी म्हटलं, हो, हरलो. "मंग कायचं वाचता? हरल्याचं बी वाचतात का?" मी म्हटलं, वाचते, ऐका.

वाचलं. पहिला मुद्दा वाचला तेव्हा पुंजारामनं मान वर केली. दिवाळी, संक्रांत, अकरा जुलै. डॉक्टरांनी स्वतः कबूल केलं आहे, असं कोर्ट लिहितं. पुढचं मी वाचत गेले, पण कोणी ऐकत नव्हतं. बाहेर मोटेचे बैल सोडलेले होते, घंटा वाजत होत्या.

जमुना दाराशी नव्हती, आत आली होती. आईकडं पाहून नव्हे, माझ्या हातातल्या कागदाकडं पाहून ती म्हणाली, "मंग घरी काहून नाई सांगतलं?"

हा प्रश्न कोर्टानं विचारला नव्हता. डॉक्टरांच्या वकिलानं नाही, माझ्या वडिलांनी नाही, मीही नाही. सहा महिने आम्ही त्या बाईचे कागद लिहिले.

रुख्मिणी म्हणाली, "वांग्याची तोडणी व्हती, बाई."

एवढंच. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, मंग संक्रांतीले मेथी व्हती. आखाडीले रोपं लावाची व्हती. तेव्हाले काय सांगू? तानुबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिनं विचारलं, मी काई खाल्लं असतं का तुले? रुख्मिणी म्हणाली, नाई, तुमी म्हटलं असतं डॉक्टर काय म्हणते, अन् डॉक्टर म्हणत व्हता दूध हाय. यात दोष देण्याचा सूर नव्हता. तिला फक्त थकवा आला होता आणि तिला हे संपवायचं होतं.

जमुना म्हणाली, पहिलं पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. ती बाजेच्या खुराला टेकून खाली बसली, आईच्या पायापाशी. मग आजीला म्हणाली, "आजी, आता विहिरीवर म्हणजो नको."

"नाई म्हणत," तानुबाई म्हणाली.

रुख्मिणी त्यानंतर बावीस दिवस होती. नक्कल जमुनेनं मागून घेतली, मी मराठीची प्रत दिली, इंग्रजी वडिलांच्या दफ्तरात राहिली. तानुबाईनं शब्द पाळला का, मला माहीत नाही. नत्थुजी म्हणायचा पाळला. पण तो आपल्या बहिणीच्या सासरबद्दल कधी वाईट बोलायचा नाही, तेव्हा त्याच्या सांगण्याला फारसा अर्थ नाही.